बंदुकीलाही ऊन लागतं!

मे महिन्यात दुपारी दोन वाजता क्रांती चौकातल्या सिग्नलला थांबणं म्हणजे शिक्षाच. सगळे बाइकवाले उड्डाणपुलाच्या सावलीत गोळा होतात. पुढची गाडी दोन हात सरकली तरी सावली सोडून कुणी हलत नाही. पारा ४१-४२ वर. या गर्दीत कधीतरी पाठीला लांबोडकी काळी बॅग लावलेला एखादा पोरगा किंवा पोरगी दिसते. बघणाऱ्याला वाटतं गिटार आहे. गिटार नसते, एअर रायफल असते. आणि सिलिंडर भरलेला असेल तर त्या बॅगेत २०० बार दाबाची हवा कोंडलेली असते. तुमच्या बाइकच्या टायरमध्ये जेवढा दाब असतो, त्याच्या ऐंशी-नव्वदपट!

आता काळी बॅग, वर ऊन, आत कोंडलेली हवा. काय होत असेल?

नेमबाजी करणाऱ्या पोरांना विचारा, तर उत्तरं तयार असतात. ‘उन्हात प्रेशर वाढतं, मग शॉट वर जातात.’ ‘थंडीत गन लूज पडते.’ ‘काही फरक पडत नाही रे, तुझा ट्रिगर सुधार.’ गंमत म्हणजे तिन्ही उत्तरं कुठल्या ना कुठल्या बंदुकीसाठी बरोबर आहेत. कारण ‘एअरगन’ या एका नावाखाली किमान तीन वेगवेगळी यंत्रं येतात आणि तिघांचं तापमानाशी असलेलं नातं पार निराळं आहे. आपल्या हातात कुठली आहे हे ठाऊक नसेल, तर स्कोअर का पडला याचं कारण भलतीकडेच शोधत बसायची वेळ येते.

कर्णपुऱ्यातली बंदूक

पहिली बंदूक आपण सगळ्यांनी चालवलेली असते. नवरात्रात कर्णपुरा देवीच्या यात्रेत फुगे फोडायची असते ना, तीच. नळी मोडायची, छर्रा घालायचा, नळी परत लावायची, धाड! या बंदुकीत हवा आधीपासून भरलेली नसतेच. नळी मोडताना आपण एक जाडजूड स्प्रिंग दाबतो. घोडा ओढला की स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे धावतो आणि समोरची साधी, आपण श्वासात घेतो तीच हवा क्षणात दाबली जाते. त्या दाबाने छर्रा सुटतो.

म्हणजे इथे उन्हात तापून दाब वाढायला मुळात दाब साठवलेलाच नाही. तापमान इथे मागच्या दाराने येतं, ग्रीसमधून. थंडीत ग्रीस घट्ट होतं, पिस्टन जरा आळसावतो. आणि दुसरं म्हणजे, हवा इतक्या झटक्यात दाबली की ती प्रचंड तापते. सायकलचा पंप मारताना त्याचं खालचं टोक चटका देतं, त्याचीच ही मोठी आवृत्ती. स्टॉलवाल्याने बंदुकीत तेल जरा सढळ हाताने घातलं असेल, तर त्या तापलेल्या हवेत तेलाची वाफ पेटते. नेहमीपेक्षा मोठा आवाज येतो, नळीतून धूर निघतो. डिझेल इंजिनात स्पार्क प्लगशिवाय इंधन पेटतं ते असंच, म्हणून या प्रकाराला ‘डिझेलिंग’च म्हणतात. अशा शॉटचा वेग काय असेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. (यात्रेत फुगा चुकला तर मात्र दोष ग्रीसला देऊ नका. तिथल्या बंदुकीचा माशीशी आणि नळीशी फारसा संबंध राहिलेला नसतो.)

टायरवाल्याला माहीत असलेलं फिजिक्स

खरा मामला सुरू होतो तो स्पर्धेच्या बंदुकीपासून. तिला प्री-चार्ज्ड म्हणतात. नळीच्या खाली सिलिंडर असतो, त्यात आधीच हवा भरून ठेवलेली. इथे अकरावीतला गे-लुसॅकचा नियम थेट लागू होतो. भांड्याचा आकार तोच असेल, तर वायूचा दाब त्याच्या तापमानाच्या प्रमाणात वाढतो. सीईटीसाठी ‘पी भागिले टी कॉन्स्टंट’ हे घोकलेलं असतंच. पण त्यातली मेख ‘टी’ मध्ये आहे. तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, सेल्सिअसमध्ये नाही. २० अंशांचे ४० अंश झाले म्हणजे तापमान दुप्पट झालं नाही. २९३ केल्विनचे ३१३ झाले, म्हणजे जेमतेम सात टक्के वाढ.

हिशेब करू. पहाटे २० अंशांना सिलिंडरमध्ये २०० बार आहेत. दुपारी तोच सिलिंडर ४० अंशांवर पोचला, तर गेज २१३-२१४ दाखवेल. डिसेंबरच्या सकाळी १० अंश असतील, तर १९३. इतक्या मोठ्या दाबाला हवा पुस्तकातल्या ‘आदर्श वायू’सारखी वागत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात फरक याहून थोडा जास्तच पडतो. ढोबळमानाने लक्षात ठेवायचं तर एका अंशाला पाऊण बार.

जालना रोडवरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याला हे पुस्तकाविना माहीत असतं. लांबून पळून आलेल्या गाडीत तो हवा चेक करत नाही, ‘टायर थंड होऊ द्या’ म्हणतो. सकाळी १५ अंशांना ३२ पीएसआय भरलेलं टायर रस्त्यावर ५५ अंशांपर्यंत तापलं, तर मीटर ३८ दाखवतं. हवा एक थेंबही वाढलेली नसते.

रायफलमध्ये हाच घोळ भरताना होतो. बहुतेक ठिकाणी हवा एका मोठ्या सिलिंडरमधून रायफलच्या छोट्या सिलिंडरमध्ये सोडतात. घाई असली की कॉक भसकन उघडला जातो. हवा आत कोंबली जाते, कोंबताना तापते, गेज २०० दाखवतं, आपण खूश. अर्ध्या तासाने बघावं तर १८५! मग सुरू होते लीकेजची शोधाशोध. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघणं, ओ-रिंग बदलणं, ज्याने बंदूक विकली त्याला फोन. लीकेज नसतंच. ५० अंशांपर्यंत तापलेली हवा २५ ला आली, की २०० चे १८५ व्हायलाच हवेत. सावकाश भरा, दोन मिनिटं थांबा, सिलिंडरला हात लावून बघा. कोमट लागला तर गेजवरचा आकडा अजून पक्का झालेला नाही.

मधला दरबान

मग दाब वाढला म्हणजे पेलेट जोरात सुटणार, हे तरी खरं का? स्पर्धेच्या चांगल्या रायफलमध्ये जवळपास नाही. कारण सिलिंडर आणि झडप यांच्यामध्ये रेग्युलेटर बसलेला असतो. घरातल्या गॅसच्या शेगडीला असतो, त्याच जातीचा. मागे २१४ बार असोत की १५०, हा पुढे एक ठरलेला, मागच्यापेक्षा बराच कमी दाब सोडतो. त्यामुळे पहिल्या शॉटपासून साठाव्यापर्यंत वेग सारखा राहतो. हा दरबान नसता, तर साठ शॉटांच्या मॅचमध्ये सिलिंडर रिकामा होत जाताना वेग बदलत राहिला असता. उन्हाचा प्रश्न नंतरचा.

पण स्वस्तातल्या बऱ्याच प्री-चार्ज्ड गनमध्ये रेग्युलेटर नसतो. आणि तिथे अंदाजाच्या उलटं घडू शकतं. या बंदुकीत एक छोटा हातोडा झडपेवर आदळून ती क्षणभर उघडतो. झडपेला मागून दाबून धरणारी हवा जितकी जोरदार, तितकी ती उघडणं अवघड. दाब मर्यादेपेक्षा वाढला तर झडप पुरती उघडतच नाही, हवा कमी सुटते आणि पेलेटचा वेग घटतो. म्हणजे सकाळी काठोकाठ भरलेली गन दुपारी तापली, तर शॉट वर जाण्याऐवजी खाली जाऊ शकतात. ‘प्रेशर वाढलं की शॉट वर’ हे समीकरण इथे उताणं पडतं.

चायनीजच्या गाडीवरचा बर्फ

तिसरी जात सगळ्यात लहरी. सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडवर चालणारी. ऐंशी-नव्वदच्या दशकात स्पर्धेतही हिचा बोलबाला होता, मग कॉम्प्रेस्ड एअरने तिला बाजूला सारलं. आता बारा ग्रॅमच्या छोट्या कुपीवर चालणारी पिस्तुलं हौसेपुरती दिसतात. हिच्यात वायू नुसता कोंडलेला नसतो, तो द्रवरूपात असतो आणि वर त्याची वाफ. वाफेचा दाब फक्त तापमानावर ठरतो. ० अंशाला सुमारे ३५ बार, १० ला ४५, २० ला ५७, ३० ला ७२. प्री-चार्ज्ड गनमध्ये २० अंशांच्या फरकाने सात टक्के फरक पडत होता. इथे १० ते ३० अंशांत दाब दीडपटीहून जास्त!

शिवाय प्रत्येक शॉटला थोडा द्रव उकळून वायू होतो आणि उकळायला लागणारी उष्णता तो कुपीतूनच ओढतो. भराभर शॉट मारले की कुपी गारठते, दाब पडतो, शॉट खाली खाली जायला लागतात. संध्याकाळी चायनीजच्या गाडीवर मोठी शेगडी भणभणत असते, तेव्हा खालच्या सिलिंडरवर पांढरा बर्फ धरलेला पाहिलाय? तोच प्रकार. (बर्फ धरला म्हणून सिलिंडर गरम पाण्यात ठेवणारे महाभाग आहेत. त्यांच्या गाडीवर मंच्युरियन खाऊ नका, लांब उभे राहा.)

आता मराठवाड्याचा खास लोचा. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही, कितीही दाबा. या तापमानापुढे ‘अमुक अंशाला तमुक दाब’ हा शिस्तीचा तक्ता संपतो आणि कुपीत किती वायू ठासलाय त्यावर दाब झपाट्याने चढत जातो. युरोपातल्या हॉलमध्ये बसून बनवलेल्या या बंदुकांना ३१ अंश म्हणजे कडक उन्हाळा. आपल्याकडे मार्चपासून पंख्याखालीसुद्धा ३१ असतात. म्हणून आपल्या भागात सीओटू गन घेऊन कुणी गंभीर सराव करायचं म्हणत असेल, तर माझं स्पष्ट मत आहे, पैसे वाचवा.

एक मिलिमीटर म्हणजे किती?

‘एवढ्या-तेवढ्याने काय होतंय’ म्हणणाऱ्यांसाठी हा हिशेब. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पेलेट साडेचार मिलिमीटरचं. रायफलमधून ते साधारण १७० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटतं आणि १० मीटर कापायला सेकंदाचा सहा शतांश भाग घेतं. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने ते १८ मिलिमीटर खाली येतं. साइट लावताना आपण हे १८ मिलिमीटर आधीच धरलेले असतात.

कुठल्याही कारणाने वेग तीन टक्क्यांनी घटला, तर ते १८ ऐवजी १९ मिलिमीटर खाली येईल. फक्त एक मिलिमीटर. पण रायफलमध्ये गुणाचा प्रत्येक दशांश पाव मिलिमीटरचा असतो. म्हणजे एक मिलिमीटर चुकलं की १०.६ चा शॉट १०.२ वर. सीओटू रायफलचा वेग गारठून दहा टक्के पडला, तर चार-सव्वाचार मिलिमीटर, म्हणजे दीड रिंगहून जास्त.

जुन्या काळी यातलं बरंचसं झाकलं जायचं. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण घेऊन विश्वविक्रमाशी बरोबरी केली, तेव्हा प्राथमिक फेरीत पूर्णांकात गुण मोजत. ठिपक्याला कडेने शिवलं तरी दहा, मधोमध गेलं तरी दहा. (म्हणून ते सोपं होतं असं मुळीच नाही. ४० पैकी एकही शॉट अडीच मिलिमीटरच्या बाहेर नाही, करून बघा!) आज प्राथमिक फेरीपासून दशांशात गुणतात. ६० शॉट, प्रत्येकी कमाल १०.९, एकूण ६५४. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत विश्वविजेता झाला तो या दशांशांच्या जमान्यात. जिल्हा आणि विभागीय पातळीवर तर अर्ध्या गुणाने पुढची फेरी हुकलेली पोरं ढिगाने सापडतील.

बाहेरची हवाही गरम झाली की विरळ होते, पेलेटला कमी अडवते. १० अंशांची सकाळ आणि ४० अंशांची दुपार यांत हवेच्या घनतेत दहा टक्के फरक आहे. पण १० मीटरच्या अंतरात त्याचा परिणाम कागदावर जेमतेम एक दशांश मिलिमीटर भरतो. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून जास्त उंचावर आहे. वरळीच्या रेंजवर हवा आपल्यापेक्षा पाच-सहा टक्के दाट, त्याचा फरक याहूनही कमी. ‘मुंबईची हवा जड होती’ हे कारण कोचला सांगायचं असेल तर जपून.

मेमधला सराव, डिसेंबरातली मॅच

सराव इथे पत्र्याच्या शेडमध्ये ४० अंशांत, राज्य स्पर्धा बालेवाडीत, आणि राष्ट्रीय स्पर्धा बहुतेकदा वर्षाअखेरीस दिल्लीत नाहीतर भोपाळमध्ये, हात चोळत. रेग्युलेटरने दाब सांभाळला, तरी रबराच्या ओ-रिंग थंडीत कडक होतात, ग्रीस घट्ट होतं, हातोड्याची चाल किंचित बदलते. बंदूक बराच वेळ नुसती पडून असेल, तर रेग्युलेटरच्या पुढचा दाब हळूच थोडा चढलेला असतो आणि पहिला शॉट बाकीच्यांपेक्षा वेगळा जातो. तो बघून घाईघाईने साइटचे क्लिक फिरवले, की पुढचे दहा शॉट ते क्लिक परत आणण्यात जातात. मॅचआधी तयारी आणि सायटिंगसाठी १५ मिनिटं मिळतात ती यासाठीच. पहिले दोन-तीन शॉट बंदुकीला द्या, मग साइटला हात लावा. आणि हॉटेलच्या खोलीतून किंवा तापलेल्या गाडीतून रेंजवर पोचलात तर बॅग लगेच उघडून ठेवा. बंदुकीला हॉलच्या तापमानाला यायला अर्धा-पाऊण तास लागतो.

तसंही ४० अंशांत सगळ्यात जास्त तापतो तो नेमबाज. जाड कॅनव्हासचं जॅकेट, तशीच पँट, घामाने ओला झालेला गालाचा टेकू. रेग्युलेटर २०० बार सांभाळतो, पण दर मिनिटाला १२० ठोके देणाऱ्या हृदयाला कुठला रेग्युलेटर लावणार?

इथे मात्र गंमत नाही

स्कोअर गेला तर पुढच्या वेळी येतो. पण सिलिंडरच्या बाबतीत दोन गोष्टी अशा आहेत, की तिथे पुढची वेळ नसते.

पहिली, बंद गाडी. मे महिन्यात उन्हात उभ्या कारच्या आत ६० अंश सहज होतात. २५ अंशांना भरलेला २०० बारचा सिलिंडर तिथे २२४ च्या पुढे जातो. चांगला, मुदतीतला सिलिंडर एवढं झेलतो, कारण त्याची चाचणी याहून बऱ्याच जास्त दाबाला झालेली असते. पण मुदत संपलेला, सेकंडहँड घेतलेला, पडून पोचा आलेला? सिलिंडरवर वापराची मुदत लिहिलेली असते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो मुदतीत आहे हे बघणं खेळाडूची स्वतःची जबाबदारी आहे. हवा भरून देणाऱ्या मोठ्या सिलिंडरचीही ठरावीक वर्षांनी हायड्रो टेस्ट व्हावी लागते. देशभरातल्या गॅस सिलिंडरवर लक्ष ठेवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. क्लबच्या सिलिंडरवर कोरलेली टेस्टची तारीख कधी वाचलीये? आज जाल तेव्हा वाचा.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. आपल्याकडे हवा भरून मिळायची मारामार, आणि वाळूज, चिकलठाण्यात वर्कशॉपं पावलोपावली. मग कुणीतरी सुचवतं, ‘माझ्या ओळखीच्याकडे वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर आहे, त्यातून भरून घेऊ, ऑक्सिजन म्हणजे हवाच की!’ अजिबात नाही. मोठ्या दाबाच्या ऑक्सिजनमध्ये तेलाचा, ग्रीसचा लहानसा डागसुद्धा पेट घेतो, आणि बंदुकीच्या आत ग्रीस असतंच. यात्रेतल्या बंदुकीत नुसत्या हवेने धूर निघतो, तिथे २०० बार शुद्ध ऑक्सिजन असेल तर काय होईल याचा विचार करा. हा अपघात गालाला लावलेल्या बंदुकीत होतो.

पावसाळ्यात आणखी एक कटकट. हातपंपाने किंवा साध्या कॉम्प्रेसरने भरताना जुलैची दमट हवा आत जाते, दाबल्यावर तिच्यातलं पाणी सुटतं आणि सिलिंडरमध्ये, रेग्युलेटरमध्ये गंज धरतो. पंपावरचा सिलिका जेलचा फिल्टर बदलायचा कंटाळा करणारे क्लब नंतर रेग्युलेटर दुरुस्तीला पाठवून महिना-महिना वाट बघत बसतात.

आणि हो, क्रांती चौकात ती बॅग बघून कुणी विचारलंच, तर सांगायला ठेवा. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलची ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपास असते. ४२ अंशांच्या उन्हातसुद्धा.